आत काय जाणार?

ज्याच्या आईनं चाळीस वर्षं बॅगा शिवल्या, त्यानं बॅग घ्यायला मोठ्या काचेच्या दुकानात जावं, तिथल्या टाय लावलेल्या माणसाला "कुठली घेऊ" म्हणून विचारावं, आणि ती बॅग ओढत घरी आल्यावर आईच्या समोरून खाली मान घालून जिना चढावा, याला काय म्हणायचं ते माईला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, पण ते शेजारच्या घड्याळवाल्यांच्या देखत म्हणण्यासारखं नव्हतं.

"मुलं मोठी झाली वहिनी," घड्याळवाले डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणाले. "आता त्यांच्या मनानं घेणार."

"मोठी झाली म्हणून अक्कल परक्या दुकानातून आणायची का?" माई म्हणाली. "तुमचा मुलगा उद्या घड्याळ लावायला माझ्याकडे आला, तर तुम्ही काय आरती ओवाळाल?"

घड्याळवाल्यांनी भिंग आणखी खाली घातलं. माईशी बोलताना माघार कधी घ्यायची हे त्यांना पंचवीस वर्षांच्या शेजारानं शिकवलं होतं.

दुकान बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होतं. एक शटर, त्यावर माईच्या नवऱ्यानं, मिस्त्रींनी, स्वतःच्या हातानं रंगवलेला गाळ्याचा नंबर, दोन-एक-चार. आत एक शिलाई मशीन, चेनच्या गुंडाळ्यांचं कपाट, चाकांचे डबे, आणि छताच्या लोखंडी तुळईला एक जाड आकडा. आकड्याला कप्पी, कप्पीला दोर. दुरुस्त केलेली कुठलीही बॅग या दुकानातून तशीच बाहेर जात नसे. चिंध्यांत गुंडाळलेल्या विटा तिच्यात भरायच्या, हँडलला आकडा अडकवायचा आणि एक दिवस, एक रात्र ती लोंबकळत ठेवायची. दुसऱ्या दिवशी शिवण जागची हलली नसेल तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. ही मिस्त्रींची रीत. मिस्त्री जाऊन सहा वर्षं झाली, रीत गेली नव्हती.

आणखी एक रीत होती. कोणी येऊन विचारलं, "मिस्त्री, कडक घेऊ का कापडी?" तर मिस्त्री उत्तर देत नसत. उलट विचारत, "आत काय जाणार?" माणूस म्हणायचा, कपडे. मग कापडी घे. दाबून बसते, बाहेर कप्पा असतो, फाटली तर मी आहे. माणूस म्हणायचा, औषधांच्या बाटल्या, दिव्यांच्या काचा, यंत्राचे नाजूक भाग. मग कडक घे. पण लक्षात ठेव, ती तडकली की तिला टाका घालता येत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला कापडी, फुटणारं नेणाऱ्याला कडक. एवढं शास्त्र. त्यासाठी टाय लागत नाही.

माई शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. आकडे तिला यायचे, सही यायची, वर्तमानपत्राचे मोठे मथळे जुळवून जुळवून वाचता यायचे. बॅग मात्र तिला घडाघडा वाचता येई. एकाच अंगानं झिजलेलं चाक बघून ती सांगायची की मालक डावखुरा आहे. अस्तराचा एकच कोपरा कडक झालेला बघून सांगायची की यात तेलाची बाटली सांडली आणि बायकोला कळू दिलेलं नाही. एकदा एका बाईनं नवऱ्याची बॅग आणली, तेव्हा माई नुसतं आतला कप्पा चाचपून गप्प बसली होती, आणि ती बाई गेल्यावर मिस्त्रींना म्हणाली होती, "हिचा संसार काही खरा नाही." दोन महिन्यांत ते खरं झालं. असल्या गोष्टींचा माईला अभिमान होता. लोकांचं काही लपत नाही माझ्यापासून, असं ती म्हणायची, आणि गल्लीत ते सगळ्यांना मान्य होतं.

मुलाची नवी बॅग करड्या रंगाची होती. झुरळाच्या पाठीसारखी गुळगुळीत. माईनं पहिल्याच दिवशी तिच्यावर बोटाचं पेर आपटून बघितलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"पेटी आहे ही," ती म्हणाली. "बॅग नाही."

मुलगा जेवत होता. तो शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि आता दूर, समुद्रापलीकडे, कुठल्याशा मोठ्या शीतगृहात त्याला सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. सूनही बरोबर जाणार होती. सहा महिने काय, चुटकीसरशी जातील, असं तो म्हणाला होता, आणि म्हणताना चुटकी वाजवली होती. बॅगेबद्दल त्यानं सांगितलं की विमानात सामान फेकतात, कापडी बॅग ओली होते, ही धुवून पुसता येते, चाकं चारही बाजूंना फिरतात. हे सगळं तो पाठ केल्यासारखं म्हणाला. माईनं एकेक मुद्दा हाणून पाडला. चारही बाजूंना फिरणारं चाक उतारावर मालकाला सोडून पळतं. कडक बॅग उघडायची तर दोन्ही पाखं पसरायला सबंध पलंग लागतो, कापडी मांडीवर उघडते. ऐन वेळेला एक स्वेटर जास्त झाला, तर कापडी पोट फुगवून घेते, कडक तोंड मिटून बसते. आणि शेवटी तिनं मिस्त्रींचा प्रश्न विचारला.

"आत काय जाणार?"

"कपडे," मुलगा ताटात बघून म्हणाला.

"सहा महिन्यांच्या कपड्यांना पेटी?"

मुलगा पाणी प्यायला आणि उठला. त्याचा बाप असा अर्ध्या बोलण्यातून कधी उठला नव्हता. तो गप्प बसायचा, पण समोर बसून गप्प बसायचा.

माईनं मग संशय सुनेवर घेतला. कडक बॅगेचा चकचकाट ही सुनेचीच हौस असणार. लेकाला स्वतःची आवड कुठं होती? शर्ट कुठला घालायचा ते सुद्धा तो लग्नाआधी आईला आणि लग्नानंतर बायकोला विचारत आला होता. दुसऱ्या दिवशी सून ओट्यापाशी उभी असताना माईनं तिला गाठलं.

"तुझीच ना गं निवड ती? आरशासारखी. येताजाता तोंड बघायला."

सून तोंडाची गोड नव्हती; पण उलटून बोलणारीही नव्हती. तिनं हातातलं भांडं पुसून खाली ठेवलं.

"मला कुठलीही चालली असती आई," ती म्हणाली. "तुम्ही त्यांनाच परत विचारा ना, आत काय जाणार ते."

आणि पाठ फिरवून ती पुन्हा भांडी पुसायला लागली.

माझंच वाक्य मला ऐकवते, माईला वाटलं. कानामागून आली आणि तिखट झाली. त्या रागातच ती खाली आली, आणि कपाटाच्या तळातून तिनं गडद निळं, जाड कापड काढलं. हे कापड मिस्त्रींनी शेवटच्या वर्षी आणलं होतं, आणि एवढं चांगलं होतं की कुठल्याच गिऱ्हाइकासाठी कापायचा जीव झाला नव्हता. त्याची ती मुलासाठी बॅग शिवणार होती. पेटीपेटी काय करतोस, हे घे, असं म्हणून निघायच्या दिवशी समोर ठेवणार होती. मग बघू कुठली उचलतो.

अठरा दिवस ती शिवत होती. गिऱ्हाइकांची कामं आधी, मग ही. तळाला बोटभर जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा थर, घातला, त्यावर आडवी-उभी शिवण मारली. हँडलच्या मुळाशी चार वेळा टाका फिरवला. बाहेर दोन कप्पे, आत एक चोरकप्पा, त्याला बटण. मान दुखायची, उजव्या डोळ्यातून पाणी यायचं, सुईच्या नेढ्यात दोरा जायला दहा दहा वेळा चाटावा लागायचा. घड्याळवाले म्हणाले, वहिनी, एवढी पक्की बॅग म्हणजे परत दुरुस्तीला यायची नाही. माई म्हणाली, बॅग नको येऊ दे, मुलगा येऊ दे म्हणजे झालं.

वर खोलीत मिस्त्रींची तसबीर नव्हती, तेवढी एक गोष्ट तिला त्या दिवसांत खटकत होती. तीन आठवड्यांमागे मुलगा म्हणाला होता की चौकटीला वाळवी लागलीय, बदलून आणतो. तेव्हापासून भिंतीवर एक फिकट चौकोन आणि एक खिळा. तसबीरवाल्याकडे रोज नवं कारण. आज काच आली नाही, आज तो आजारी आहे, आज दुकानच बंद आहे.

"मीच जाते त्याच्याकडे," माई एकदा म्हणाली. "असा झाडते की रात्रीत चौकट करून देईल."

"तू नको जाऊस," मुलगा घाईनं म्हणाला. "लांब आहे. मी आणतो ना."

आईचे पाय दुखतात म्हणून म्हणतोय, असं माईला वाटलं, आणि बरंही वाटलं. झोपताना ती फिकट चौकोनाकडेच बघून म्हणायची, झालं, येतील चार दिवसांत.

जायला पाच दिवस उरले, तेव्हा जेवताना पुन्हा बॅगेवरून विषय निघाला. काढला माईनंच. ती म्हणाली की तुझ्या पेटीला बाकी काही नाही झालं, तरी हँडल दगा देणार. कडक बॅगेचं हँडल शिवलेलं नसतं, दोन रिबिटांवर टांगलेलं असतं, भर विमानतळावर हातात येईल. मग धर पेटी काखेत, पोराला धरल्यासारखी. मुलाचा घास थांबलेला तिनं बघितला. लेकाला इतर कशाची नसली तरी हँडलची भीती घालता येते, एवढं शिक्षण त्याला दुकानानं दिलं होतं. लहानपणी तो मशीनखालीच वाढला होता. बारा वर्षांचा असताना त्यानं एका बॅगेचा पट्टा लावला आणि आकड्याला टांगल्यावर तो निसटला. मिस्त्री ओरडले नाहीत. मिस्त्री कधीच ओरडत नसत. त्यांनी बॅग उतरवली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "कच्चं काम." दोनच शब्द. मुलगा त्या दिवशी जेवला नव्हता. या दुकानात यापेक्षा मोठी शिवी नव्हती.

दर गुरुवारी माई घाऊक बाजारात चेन आणि दोरा आणायला जायची. दहाला निघायची, तीनपर्यंत यायची. त्या गुरुवारी घाऊकवाल्याच्या घरी कोणी वारलं होतं म्हणून दुकान बंद होतं. माई हात हलवत बाराच्या सुमाराला परत आली. शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत गेली, आणि बघते तर आकड्याला करडी पेटी लोंबकळत होती.

आधी तिला हसू आलं. टायवाल्याकडून बॅग आणली, पण हँडल तपासायला शेवटी बापाच्याच आकड्याखाली आला. सुंभ जळतो, पीळ कुठं जातो? आई तीनपर्यंत येत नाही असं धरून टांगून गेला असेल, आणि ती यायच्या आत उतरवून वर नेणार असेल. आईपुढं नाक खाली होऊ नये म्हणून. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं कोपऱ्यात बघितलं.

चिंध्यांत गुंडाळलेल्या विटा कोपऱ्यातच होत्या. सगळ्या. वीसच्या वीस.

मग पेटीत काय होतं?

तिनं दोर सोडून पेटी हळूहळू खाली घेतली. जमिनीला टेकताना आत काहीतरी किणकिणलं. बारीक आवाज, कपाला कप लागावा तसा. कपडे किणकिणत नाहीत.

चाळीस वर्षांत माईनं गिऱ्हाइकाची बॅग त्याच्या माघारी उघडली नव्हती. हीही या दुकानाची रीतच होती, आणि मिस्त्रींपेक्षा ती माईची जास्त होती. ती बराच वेळ पेटीसमोर स्टुलावर बसून राहिली. पेटीला दोन खटके आणि मध्ये तीन चकत्यांचं कुलूप होतं. शेवटी तिनं मनाशी ठरवलं की एकदाच एक नंबर लावून बघायचा. उघडलं नाही, तर उठायचं आणि मुकाट्यानं पेटी परत वर ओढायची.

तो नंबर दुकानाचा होता. चकत्यांचं कुलूप दुरुस्त केलं की मिस्त्री ते गाळ्याच्या नंबरावर लावून ठेवत, आणि गिऱ्हाइकाला सांगत, घरी जाऊन बदला, हा नंबर आम्हाला ठाऊक आहे. मुलानं अशी शेकडो कुलपं लावली होती.

दोन. एक. चार.

खटके टक्‌कन उघडले. तिला ते उघडायला नको होतं, हे तिला उघडल्यावर कळलं.

एका पाखात स्वेटर होते, आणि स्वेटरांच्या घड्यांत सहा कप. सुनेच्या माहेरून आलेले, सोनेरी कडेचे, कपाटातून कधीही न निघालेले. पाहुणे येवोत, कोणीही येवो, ते कप निघत नसत. आपलं स्वतःचं घर होईल तेव्हा काढू, असं सून एकदा बोलून गेली होती आणि माईनं ते लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या पाखात जाळीखाली एक चपटं पुडकं होतं. तपकिरी कागद, वर सुतळी. सुतळीची गाठ मिस्त्रींची. म्हणजे मिस्त्रींनी मुलाला शिकवलेली, एक टोक ओढलं की अख्खी सुटणारी.

तिनं टोक ओढलं.

मिस्त्री तिच्याकडे बघत होते. स्टुडिओत काढलेला, हातानं रंगवलेला तोच फोटो. ओठ लाल केलेले, जे मिस्त्रींना कधीच आवडलं नव्हतं. चौकट तीच. लाकडाला भोक नाही, भुसा नाही, वाळवीचा माग नाही. दर दोन महिन्यांनी ती स्वतः तेलाचा हात फिरवायची, तिला कुठून वाळवी लागणार? हे तिला तीन आठवड्यांपूर्वीच सुचायला हवं होतं. परक्या बाईचा संसार कप्पा चाचपून सांगणाऱ्या माईला स्वतःच्या भिंतीवरचा चौकोन वाचता आला नव्हता.

आणि तसबीर ठेवली होती कशी? काच बाहेरच्या बाजूला, पेटीच्या टरफलाला टेकून, मध्ये नुसता एक पातळ टॉवेल. एक धक्का बसला असता, की बापाच्या तोंडावर तडा. माईला सगळ्यात आधी राग आला तो याचा. बाकीचं मग हळूहळू आलं, पाणी झिरपत यावं तसं.

सहा महिन्यांसाठी कोणी सहा कप नेत नाही. सहा महिन्यांसाठी कोणी भिंतीवरचा बाप उतरवून नेत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला कापडी. मुलानं कडक घेतली होती. आत काय जाणार, हे तिनं त्याला तोंडावर विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, कपडे. सुनेनं सांगायचा प्रयत्न केला होता, तिच्या रीतीनं. माईनं तिला तिखट ठरवलं होतं.

बाहेरून घड्याळवाल्यांनी हाक मारली, वहिनी, आज लवकर? चहा सांगू का? ते दोन पावलं आत आले, त्यांनी खाली पसरलेली पेटी बघितली, तसबीर बघितली, माई बघितली, आणि चपलांचा आवाज न करता मागे गेले. थोड्या वेळानं त्यांनी बाहेरून शटर आणखी हातभर खाली ओढलं. पंचवीस वर्षांत त्या माणसानं केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम होतं.

माई उठली. मशीनवर निळी बॅग पुरी झालेली होती, फक्त दोऱ्याची टोकं कापायची राहिली होती. तिनं मोठी कात्री घेतली आणि बॅगेच्या तळाच्या शिवणीत घातली.

उसवायला शिवण्याइतकाच वेळ लागतो, शिवण पक्की असेल तर. चार वेळा फिरवलेला टाका तिचा तिलाच दाद देईना. बोटाला कात्रीची कडी लागून वळ उठला. तळाचा नमदा तिनं अख्खा काढला, तसबिरीच्या मापानं दुमडला, आणि निळ्या कापडाची त्याला एक पिशवी शिवली, तीन बाजूंनी बंद, वरून झडप. चोरकप्प्याचं बटण काढून झडपेला लावलं. मशीनचा आवाज बाहेर ऐकू जात होता, म्हणून रडायची सोय होती. पण ती रडली नाही. तिला फक्त सारखी तहान लागत होती, आणि उठून पाणी प्यायचा कंटाळा येत होता.

पिशवीत घालायच्या आधी तिनं पदरानं काच पुसली. मिस्त्रींना काही सांगावं असं तिला वाटलं. पण जिवंतपणी त्यांच्याशी बोलायची ती भांडूनच, आणि आता भांडण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. तिनं तसबीर काच आतल्या बाजूला करून पिशवीत सरकवली. कपही काढून पुन्हा लावले, कानात कान अडकवून, मध्ये विटांवरच्या चिंध्या घालून. दोन्ही पाखांचं वजन हातानं तोललं. पेटी मिटली, चकत्या फिरवल्या, आणि दोर ओढून ती जिथं होती तिथं परत टांगली. ओढताना काही किणकिणलं नाही.

मुलगा अडीचला आला. शटरखालून वाकून आत आला, तर आई स्टुलावर. मशीनवर निळ्या बॅगेचं कलेवर, तळ नसलेलं, कप्पे लोंबणारं. खाली दोऱ्यांचा केर. त्यानं आकड्याकडे बघितलं. मग कोपऱ्यात विटांकडे बघितलं, नागड्या पडलेल्या, चिंध्या काढलेल्या. तो या दुकानात वाढला होता. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"आई," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो."

"कधी?"

तो शटरला पाठ टेकून खाली बसला आणि जमिनीकडे बघत बोलत राहिला. काम सहा महिन्यांचं नव्हतं, कायमचं होतं. कागद दोन महिन्यांमागेच आले होते. आईला न्यायचं तर चार-पाच वर्षं तरी तिकडचे कायदे मान्य करत नव्हते, आणि ती आलीही नसती, दुकान सोडून. सांगितलं असतं तर आपलं पाऊल निघालं नसतं. बसस्थानकावर, गाडी सुटताना सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं. सून दोन महिने त्याच्याशी यावरून भांडत होती. आणि तसबीर? तसबीरवाल्यानं हरवली असं सांगणार होता. तिकडे त्याच्याकडे बाबांचं काहीच नसतं. हे म्हणताना त्याचा आवाज बारा वर्षांच्या मुलाचा झाला.

माईनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि त्यामुळे मुलगा जास्त घाबरला. त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिनं मांडीवरचे दोरे झटकले, उठून आकड्याखाली उभी राहिली, आणि टांगलेल्या पेटीचं हँडल मुठीत धरून दोनदा हिसडलं. रिबिटा हलल्या नाहीत.

"हँडल ठीक आहे," ती म्हणाली. "मी उगाच नावं ठेवली. फुटणारं न्यायचं तर कडकच घ्यावी. आधी विचारलं असतंस, तर मीसुद्धा हीच घे म्हटलं असतं. जातोस, जा. जाणाऱ्यांच्या जिवावरच या दुकानानं तुला वाढवलं, तुला कसं अडवू? ह्यांना नेतोस, तेही ने. ते काचेत आहेत, त्यांना जपावं लागतं. मी कापडाची, मी कुठंही कोपऱ्यात मावते. पण लेका, आईपासून लपवायचं होतं ना तुला? मग आईच्याच दुकानात, आईच्याच आकड्याला, बापाच्याच नंबरानं कुलूप लावून? आणि काच बाहेर करून? परक्यानं केलं असतं तर मी हसले असते. तुला आम्ही शिकवलं होतं रे. कच्चं काम केलंस."